देवराईच्या वाटेवरचे कोरीव दगड: त्यातला तो प्राणी नक्की कोण?

निवडुंग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आम्ही चौघं अकोले-जुन्नरच्या मधल्या डोंगरपट्ट्यात गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, मागे एकदा मी एका धबधब्याचं लोकेशन टाकलं होतं आणि पुढच्याच पावसाळ्यात तिथे गाड्यांची रांग आणि बाटल्यांचा खच बघून माझी मलाच लाज वाटली. तर गावातून देवराईकडे जाणारी तासाभराची सोपी वाट आहे, हल्ली तिला निसर्गवाट म्हणायला लागलेत, झाडांना पाट्या ठोकल्यात, हिरडा, बेहडा, जांभूळ, कुंभा, खाली शास्त्रीय नाव वगैरे. आणि त्याच वाटेच्या कडेकडेने कोरलेले दगड उभे आहेत. मोजले तर सात भरले. एकालाही पाटी नाही. हिरड्याला हिरडा आहे हे सांगायला पाटी, आणि त्याच्याच बुंध्याला टेकून उभा असलेला कंबरेइतका कोरीव दगड, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही!

वर्णन करते कारण फोटो फार बरे आलेले नाहीत, भर दुपारी बारा वाजता काढलेत. चार दगड उभे, आयताकृती, प्रत्येकात तीन तीन कप्पे, कप्प्यांत माणसं, आणि सगळ्यात वर एका बाजूला गोल आणि एका बाजूला चंद्रकोर. पाचव्यावर नुसता एक हात, कोपरात वाकवलेला, पंजा वर, मनगटापासून बांगड्याच बांगड्या. सहावा शेंदराने इतका माखलाय की आत काय आहे ते कळत नाही, पण शेपूट आहे, वर तेच सूर्य-चंद्र आहेत. सातवा ओढ्यावर आडवा पडलाय, लोक त्यावर पाय देऊन पलीकडे जातात, आम्हीही गेलो, नंतर कडेला कोरलेली नक्षी दिसली आणि कसंतरीच झालं.

या सगळ्याचा अर्थ काय? वीरगळ हा शब्द ऐकून माहितीये, त्यापलीकडे शून्य. आणि खरा प्रश्न पहिल्या दगडाचा. त्याच्या खालच्या कप्प्यात एक माणूस आडवा पडलाय आणि त्याच्या पायाशी एक प्राणी आहे. माझ्या नवऱ्याच्या मते कुत्रा, मैत्रिणीच्या मते वाघ, तिचा भाऊ म्हणतो शेळी. परतीला नारायणगावला जेवताना यावरून एवढं वाजलं की शेजारच्या टेबलवरच्या काकांनी फोटो मागून घेतला आणि ते म्हणाले, डुक्कर. कृपया निकाल लावा.

---

जुनं खोड

स्वागत आहे. दुपारी बाराचा फोटो म्हणजे आंधळी कोशिंबीरच, पण वर्णन छान केलं आहेस त्यामुळे बरंच कळतंय.

पहिली गोष्ट, हे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, खालून वर वाचायचे. आपण वरून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. सर्वात खाली मरण असतं, वीर आडवा पडलेला, नाहीतर लढाई चालू आहे, समोर ढाल-तलवारवाला किंवा घोडेस्वार. मधल्या कप्प्यात त्याच्या दोन्ही बाजूंना बायका दिसतील, पाय जमिनीला न टेकलेल्या, तरंगत असल्यासारख्या, त्या अप्सरा. त्याला काखेत धरून वर नेतायत. काही ठिकाणी पालखी नाहीतर विमान असतं. वरच्या कप्प्यात तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, पलीकडे पुजारी, क्वचित नंदी. म्हणजे खाली पडला, मध्ये उचलला, वर पोचला, कैलासाला. तीन खणांत अख्खी गोष्ट, आणि ती पण ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं अशा माणसासाठी सांगितलेली. सगळे शैवच असतात असं नाही हं, वीर जैन असला तर वर जिनमूर्ती असते.

सूर्य-चंद्र म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ. जोवर हे दोघं आहेत तोवर याचं नाव राहील. गंमत बघ, आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेलं नसतं. नाव राहील अशी ग्वाही दिलेली आहे आणि नावच नाही! गावाला तेव्हा माहीत होतं कोण ते, लिहायची गरज वाटली नसेल. माथ्यावर कलश असतो, म्हणजे एक प्रकारे त्या दगडाचं छोटं देऊळ केलेलं असतं. डोक्यावर छत्री धरलेली दिसली तर माणूस मोठ्या हुद्द्याचा, घोडा असला तरी तसंच. साधा पायदळातला असेल तर ढाल-तलवार आणि मुद्देमाल संपला.

प्राण्याबद्दल माझं मत, गाय. वीरगळात सगळ्यात जास्त सापडणारा प्रसंग गोग्रहणाचा. पूर्वी शत्रू गावावर आला की सोनंनाणं नंतर, आधी गुरं हाकून न्यायचा. गुरं गेली की नांगर गेला, दूध गेलं, शेण गेलं, गाव वर्षभरात मोडलं. म्हणून जो गुरं सोडवायला आडवा गेला आणि मेला त्याला दगड. राजाच्या लढाईत मेलेल्यांपेक्षा असे गुराखी, पाटील, गावचे राखणदारच जास्त असावेत असं मला नेहमी वाटतं. शिंगं दिसतायत का ते बघ.

---

नुसता दगडू

खोड काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी आपला मुंबईकर म्हणून एक पिल्लू सोडतो. बोरिवलीच्या एकसर गावात जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क जहाजं आहेत. वल्ही मारणारे लोक रांगेत, वर सैनिक, समुद्रातली लढाई. कोकणच्या शिलाहार घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात समुद्रावर जी लढाई झाली, ज्यात सोमेश्वर बुडाला, तिच्याशी त्यांचा संबंध लावतात. मी त्याच भागात आठ वर्षं भाड्याने राहिलो, रोज स्टेशनला जाताना जवळून रिक्षा जायची, आणि मला हे कळलं कधी, तर ठाण्याला शिफ्ट झाल्यावर. गोव्यातही कदंबांच्या काळातले असे जहाजवाले दगड आहेत, पणजीला आणि जुन्या गोव्याला म्युझियममध्ये ठेवलेत.

मुद्दा असा की दगडावर काय कोरलंय त्यावरून त्या गावाला कशाची धास्ती होती ते कळतं. समुद्रकाठी जहाज, घाटावर गाय. तुमच्याकडे शेळी निघाली तर कृपया कळवा, शेळीसाठी मेलेला वीर मला बघायचाय.

---

बेळगावचा बाळू

शेळीचं माहीत नाही पण कुत्र्यासाठी दगड आहे की!

मी मगाधरनं हा धागा बघूलोय आणि कुत्रा एवढ्या सहज कसा बाद केला म्हणून राहवलं नाही. आमच्या कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर म्हणून गाव आहे. तिथला शिलालेख इसवी सन ९४९-९५० चा. गोष्ट अशी, गंग राजा बुतुग, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या बाजूने चोळांशी लढला, तक्कोलमची लढाई, त्यात त्याचा मणलेर नावाचा सरदार लई पराक्रम करून आला. राजा खूष, माग काय पाहिजे ते. आता कुणीपण गाव मागेल, सोनं मागेल. ह्यानं राजाचा शिकारी कुत्रा मागितला, काळी नाव त्याचं. पुढं त्या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं, आणि दोघं एकमेकाला धरून मेले. मणलेरनं त्या कुत्र्यासाठी देवळापुढं दगड उभा केला, जमीन दान दिली, आणि दगडावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरून घेतले. तो दगड आता बेंगळुरूच्या सरकारी म्युझियममध्ये आहे, मी जाऊन बघून आलोय, कुत्रं डुकराच्या तोंडावरच चढलंय असं कोरलंय. तेव्हा तुमचे मिस्टर कुत्रा म्हणाले आणि त्या टेबलवरचे काका डुक्कर म्हणाले, दोघांना एकदम हसू नका.

आणखी एक, वीरगळ हा शब्दच अर्धा कन्नड आहे. कल्लु म्हणजे दगड, वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड, त्याचं मराठीत वीरगळ झालं. मराठी लोक ह्यातला गळ म्हणजे गळा की मासे धरायचा गळ असं कायबाय लावत बसतात. आमच्याकडच्या दगडांवर बऱ्याचदा लेख असतो, कोण मेला, कुठल्या राजाच्या काळात, कशासाठी, घरच्यांना काय जमीन दिली, सगळं. त्यामुळे आम्हाला अर्थ लावत बसायला लागत नाही, वाचायला लागतं. तुमच्याकडं चित्रच आहे, म्हणून भांडणाला वाव.

---

कात्री

सगळे कुत्रा-मांजर करत बसलेत, पाचव्या दगडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मीच बोलते.

तो हात सतीचा आहे. सतीशिळा म्हणतात. दगडात एक खांब, खांबातून बाहेर आलेला हात, कोपरात काटकोनात वाकलेला, मनगटावर बांगड्या. बांगड्या महत्त्वाच्या. नवरा गेला की बांगड्या फोडतात, हिच्या शाबूत दाखवल्या, कारण ती त्याच्यामागे गेली म्हणजे विधवा झालीच नाही, सवाष्णच राहिली, असं ते गणित. कधी अंगठा आणि बोटाच्या मध्ये लिंबू धरलेलं असतं. कधी एका दगडावर दोन हात असतात, दोन बायका. पंजा वर म्हणजे आशीर्वाद, असं सांगतात.

मी पहिल्यांदा असा हात माझ्या सासरच्या गावी पाहिला, वेशीबाहेर, तिथे नव्या नवरीला पाया पडायला नेतात. सासूबाई म्हणाल्या सतीआई आहे, डोकं ठेव. ठेवलं. नंतर जेव्हा कळलं की हे काय आहे तेव्हा पोटात गोळा आला. वीरगळावर खालच्या कप्प्यात तो कसा मेला हे दाखवतात, तलवार, घोडा, सगळं तपशिलात. आणि ती कशी मेली ते? तिचा चेहरासुद्धा नाही. फक्त हात, आणि त्यातही हाताच्या बांगड्या. त्यामुळे वर कोणी आशीर्वाद म्हणू दे, मला त्या दगडापुढे हात जोडताना अजून अडखळायला होतं. सासूबाईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, आम्ही कुठे तिच्या जळण्याला पाया पडतो, ती गेली म्हणून पडतो. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

---

जुनं खोड

कात्रीताई, बरोबर बोललात. माझ्या पोस्टमध्ये तो हात राहिला ही माझी चूक. फक्त एक भर, सगळ्याच सतीशिळांवर नुसता हात नसतो, काहींवर ती घोड्यावर बसलेली दाखवतात, काहींवर नवरा-बायको शेजारी उभे, चितेवर मांडीवर डोकं घेऊन बसलेलीही पाहिली आहे मी. पण आपल्याकडे हातच जास्त, हे खरं.

---

रानमेवा

मी त्याच पट्ट्यातला. कोणतं गाव ते मला समजलंय पण मीबी सांगणार नाही 😄

तुमचा सहावा दगड वीरगळ नाही, तो वाघोबा. शेंदूर हाये, शेपूट हाये, सूर्य-चंद्र हायेत, आणि वाटेच्या तोंडाशी जिथं रान सुरू होतं तिथं बसवलाय, असंच ना? आमच्याकडं गावाच्या शिवंवर, खिंडीत, पाणवठ्याच्या वाटेला वाघोबा असतोच. महादेव कोळी, ठाकर, तिकडं पालघर-ठाण्याकडं वारली, सगळे मानतात. तिकडं लाकडाच्या फळीवर कोरतात, वाघ, नाग, चंद्र, सूर्य. मुंबईत त्या नॅशनल पार्कातल्या पाड्यांवरपण हाये. आता बिबट्याच उरलाय पण नाव वाघोबाच.

वीरगळातला सूर्य-चंद्र आणि ह्याच्यावरचा सूर्य-चंद्र एकच का वेगळा ते मला नाही सांगता येणार, मोठी माणसं सांगायची की दिवसा आम्ही रानात आणि रात्री तू, दोघांचं ठरलंय, सूर्य-चंद्राची साक्ष हाये. ते पुस्तकात नसंल. वसुबारसेला तुम्ही गाय-वासरू पुजता, आम्ही वाघबारस करतो. लहानपणी आम्ही गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ, दूध गोळा करायचो, रानात वाघोबापुढं खीर शिजायची, मग एकाला वाघ करायचं आणि आमच्या शिवारात येशील का येशील का करत पळवायचं. मी दोनदा वाघ झालोय. दगडं पण खाल्ल्यात.

तर अर्थ म्हणाल तर एवढाच, इथून पुढं तुझं, इथून मागं आमचं. ती पाटीच हाये एक प्रकारे. झाडावरच्या पाट्यांच्या आधीची.

---

नुसता दगडू

रानमेवा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

निवडुंग, तुमच्या सात दगडांत एखादं गाढव नाही ना दिसलं? विचारतो कारण कोकणात शिलाहारांच्या काळातले गधेगळ सापडतात, वर तेच सूर्य-चंद्र आणि कलश, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव आणि बाई. म्हणजे हे दान जो मोडेल त्याच्या आईला... पुढचं तुम्ही समजून घ्या, घरात लहान मुलं असतील. आपल्या मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, अलिबागजवळच्या अक्षीचा, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ असं त्याचं वाचन केलं गेलंय, तोही गधेगळच. परळचा बाराव्या शतकातला एक मुंबईत फोर्टातल्या मोठ्या म्युझियममध्ये ठेवलाय, त्यात तर शिवी शुद्ध मराठीत लिहिलीये. आपली भाषा शिवीतून दगडावर चढली याचा मला का कोण जाणे अभिमान वाटतो.

---

निवडुंग

बाप रे, एवढं सगळं! गाढव नव्हतं, नक्की. कात्री, तुमची पोस्ट वाचून मी तो हाताचा फोटो परत काढून बघितला, अंगठ्यापाशी खरंच काहीतरी गोल आहे. आधी मला दगडाचा टवका उडालाय असं वाटलं होतं.

आम्ही येत्या शनिवारी परत जातोय, यावेळी मुक्कामाला. नवरा कुत्र्यावर ठाम आहे, बेळगावच्या बाळूंची पोस्ट त्याने तीन जणांना फॉरवर्ड केलीये. मला सांगा, कोरीवकाम नीट दिसावं म्हणून काय करायचं? मैत्रीण म्हणतेय खडू नाहीतर कणीक चोळली की आकार उठून दिसतो, आणि शेंदूर थोडासा खरवडला तर...

---

जुनं खोड

नको नको नको. खडू नको, कणीक नको, तेल नको, तारेचा ब्रश तर स्वप्नातही नको. आपला बसाल्ट कठीण खरा, पण सातशे-आठशे पावसाळे खाऊन त्याची वरची कातडी सुटत आलेली असते, घासलं की नाकं-डोळे हातात येतात. कणकेवर मुंग्या आणि बुरशी. शेंदराला तर हातच लावायचा नाही, तो त्यांचा देव आहे, आपला अभ्यासाचा नमुना नाही. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा लेप २०२२ साली काढला तेव्हा मूळ रूप दिसलं हे सगळ्यांनी पाहिलंय, पण ते देवस्थानानं, जाणकार बोलावून, विधी करून केलं होतं. आपण ट्रेकला जाता जाता चाकूने करायची ती गोष्ट नाही.

सोपा उपाय सांगतो, फुकट आहे. दुपारी जाऊ नकोस. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा जा, नाहीतर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. टॉर्च समोरून मारायचा नाही, समोरून मारलास की दगड नुसता पांढरा दिसतो. दगडाच्या कडेला, अगदी टेकवून, पृष्ठभागाला समांतर धरायचा, आणि हळूहळू फिरवायचा. दिवसा जिथे सपाट वाटलं होतं तिथे सावल्या पडतात आणि माणसं उठून बसतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ज्या दगडावर मी पाच वर्षं एकच घोडेस्वार मोजत होतो तिथे तीन निघाले.

आणि हो, तळाशी बघ. हे दगड रुततात. कधी कधी सगळ्यात खालचा कप्पा अर्धा जमिनीत असतो आणि आपण वरच्या अर्ध्यावरूनच वाद घालत बसतो. उकरू मात्र नकोस, पालापाचोळा हाताने बाजूला केलास तेवढं पुरे.

---

कात्री

उकरू नका याला माझ्याकडून दहा अनुमोदनं. आमच्या इकडे एका हौशी ग्रुपने श्रमदान म्हणून रांगेतले पाच वीरगळ उपटले, एका चौथऱ्यावर सिमेंटमध्ये बसवले, वर चांदीचा ऑइलपेंट मारला आणि खाली स्वतःच्या ग्रुपच्या नावाची संगमरवरी पाटी लावली. हेतू चांगलाच असणार, मुलं उन्हातान्हात राबली होती. पण एक उलटा बसवलाय. अप्सरा डोक्यावर उभ्या आहेत आणि शिवलिंग तळाला. तेव्हापासून त्या वीराचं काय झालं असेल याची मला काळजी वाटते.

---

निवडुंग

आलो परत. पाय मोडलेत पण आधी हे लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

शुक्रवारी रात्रीच पोचलो, गावातच एका आजींकडे उतरलो होतो, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं, त्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. शनिवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन निघालो तर आजी म्हणाल्या एकट्या जाऊ नका, वाघोबाच्या पुढं तर नकाच, आणि त्यांचा नातू बरोबर दिला, सातवीतला, हातात काठी आणि तोंडात प्रश्न.

पहिल्या दगडापाशी बसलो. नातवाने पालापाचोळा बाजूला केला. खोड काका, तुम्ही म्हणालात तसंच, खालची वीतभर पट्टी मातीत आहे. नवऱ्याने टॉर्च डाव्या कडेला टेकवला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. आडव्या माणसाच्या कमरेला कट्यार आहे. त्याचा एक हात डोक्याखाली आहे, झोपल्यासारखा. दुपारी तिथे नुसता खडबडीत दगड होता हो! मग टॉर्च पायाकडे नेला, प्राणी. कान, मान, आणि मानेच्या मागे पाठीवर एक उंचवटा, टॉर्च फिरवला की त्याची सावली लांब पडायची. मी म्हटलं हा टेंगूळ कसला, तर नातू म्हणाला, वशिंड हाये ना ते.

वशिंड! म्हणजे गाय नाहीतर बैल. आणि ते एकटं नाही, त्याच्या मागे दोन शिंगांच्या जोड्या दिसतात, बाकी धडं मातीत. कळप आहे. समोरच्याच्या तोंडाचा भाग झिजलाय म्हणून ते कुत्र्यासारखं दिसत होतं. नवरा पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला कुत्र्याला पण वशिंड असू शकतं. असो.

पण खरी गंमत पुढे आहे. घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने आजींना सांगितलं की तिथे गाय कोरलीये, कळप आहे, तो माणूस गुरं वाचवताना मेला. आजी भाकऱ्या थापत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, मग काय कुत्रं असतंय व्हय? गाय व्याली की पहिला चीक त्या दगडावर वततो आम्ही, माझी सासू वतायची, तिची सासू वतायची. मी विचारलं, कोण होता तो, नाव काय? तर म्हणाल्या, वीर. म्हटलं वीर ते झालंच, पण नाव? वीरच की. आमच्या गुरांचा वीर.

मी इथे आठ दिवस तुम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं आणि पहिल्या रविवारी त्यांच्याच घरावरून चालत गेले होते, पाणीसुद्धा मागून प्यायले होते. विचारायचं सुचलं नाही.

बाकी दगडांचं थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्यावर सरळ लढाई, एकावर घोडा. चौथ्याचा वरचा तुकडा फुटलाय, चंद्र गेला, सूर्य आहे. हाताच्या दगडावर लिंबू आहे, कात्री. रात्री तिथे टॉर्च मारायला नकोसं वाटलं, सकाळी जाऊन बघितलं. वाघोबाकडे लांबूनच.

---

जुनं खोड

झकास. पोरीनं काम केलंस. चीक ओतणं हे मी कधी ऐकलं नव्हतं, वहीत लिहून ठेवलं.

---

बेळगावचा बाळू

मिस्टरांना सांगा, आतकूरला येऊन जावा, तिथं कुत्राच आहे, कुणी वाद घालणार नाही.

---

निवडुंग

सांगते 😄 एक राहिलंच. ओढ्यावरचा सातवा दगड. आजींच्या मुलाशी बोलले, तो म्हणाला लहानपणापासून तो तसाच पालथा आहे, पुरात वरून वाहून आला असं म्हणतात, खालच्या बाजूला काय आहे ते गावात कोणीच पाहिलेलं नाही. पाणी उतरलं की चार-सहा गडी लावून उलटा करू म्हणतोय. मला जाम उत्सुकता आहे, पण वरच्या सगळ्या पोस्टी आठवून नुसतं हं हं केलं. करावं का?

---

जुनं खोड

पहार लावून उलटवायचा म्हणजे मधोमध तडकायची दाट शक्यता. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं शिल्प म्हणजे पुरावस्तू, त्यामुळे इकडचं तिकडे करण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवलेलं बरं. ग्रामपंचायतीचं एक पत्र आणि फोटो, एवढ्याने सुरुवात होते. तोवर ओढ्यावर पाय द्यायला शेजारी दुसरा साधा दगड टाकायला सांग, म्हणजे निदान ह्याच्यावरून चालणं थांबेल.

---

रानमेवा

दुसरा दगड टाकायचं काम माझ्याकडं. बुधवारी बाजाराला त्याच वाटनं जातो.